उपशावर वसलेलं शहर

ज्याच्या दारात बेदाण्याचं शेड आहे, त्याला पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांची ओळख करून द्यावी लागत नाही. शंभर लिटर पाण्याला अडीच किलो कार्बोनेट आणि दीड लिटर तेल. पाणी दुधाळ झालं की घड भरलेले क्रेट त्यात बुडवायचे, दोन-चार मिनिटांनी काढून निथळायला ठेवायचे आणि मग रॅकच्या जाळीवर एकेरी थर पसरायचा. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात फेब्रुवारी उजाडला की शेडाशेडात हेच चालू असतं. मण्याच्या सालीवरचा मेणाचा थर या द्रावणाने सैल होतो, आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि नुसत्या उन्हात महिनाभर घेणारं द्राक्ष पंधरवड्याच्या आत वाळून येतं. रंगही सोनेरी राहतो. मार्गदर्शन करायला येणारे तज्ज्ञ याला ‘ऑस्ट्रेलियन पद्धत’ म्हणतात.

लग्न होऊन बागेत आले तेव्हापासून हा शब्द माझ्या कानावर आहे. ऑस्ट्रेलियात म्हणजे नेमकं कुठे, असा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता. लेक आणि जावई नोकरीसाठी मिल्ड्युरा नावाच्या गावी राहायला गेले, मीही त्यांच्याकडे राहून आले, आणि त्या प्रश्नाचं उत्तर थेट समोर उभं राहिलं. शहराबाहेर पडलं की वेलींच्या रांगांमध्ये जुने रॅक दिसतात. वर गंजक्या पत्र्याचं छप्पर, खाली एकावर एक आठ-दहा मजले तारेच्या जाळीचे, दोन्ही लांब बाजू वाऱ्याला मोकळ्या. आपल्याकडे बाजूंना हिरवी शेडनेट लावतात, तिथे पूर्वी गोणपाटाचे पडदे सोडत. बाकी सगळं तेच. पोटॅश आणि तेलाच्या द्रावणाची मूळ कल्पना भूमध्य समुद्राकाठच्या ग्रीक आणि तुर्की शेतकऱ्यांची. पण थंड द्रावणात घड बुडवून ते जाळीच्या रॅकवर सावलीत वाळवायचे, ही पद्धत घोटून पक्की केली ती मरे नदीच्या काठच्या या शेतकऱ्यांनी आणि जवळच मर्बिन इथे 1919 साली सुरू झालेल्या द्राक्ष संशोधन केंद्राने.

मेलबर्नपासून वायव्येला साधारण साडेपाचशे किलोमीटरवर मिल्ड्युरा आहे. वर्षाला पाऊस जेमतेम तीनशे मिलिमीटर, कधी तोही नाही. आपल्या जत-आटपाडीपेक्षाही कमी. तांबडी रेताड जमीन आणि तिच्यावर मॅली नावाची बुटकी, एका बुंध्यातून पाच-सात फांटे फुटणारी निलगिरीची जात. त्या रानातून गाडी तास न् तास चालते आणि मग अचानक हिरवी पट्टी सुरू होते. द्राक्षं, संत्री, बदाम. त्या पट्टीच्या टोकाला नदी. मरे नदी अडीच हजार किलोमीटरहून लांब आहे. इथे ती व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांची हद्द आहे, पण नदीचं पाणी सगळं पलीकडच्या राज्याचं. हद्द मिल्ड्युराच्या बाजूच्या काठावरून जाते. म्हणजे मासेमाराने या काठावर बसून गळ टाकला, तर माणूस एका राज्यात आणि गळ दुसऱ्यात.

शहराची जन्मतारीख 1887 अशी सांगतात. नदीकाठी माणूस मात्र हजारो वर्षांपासून आहे. मिल्ड्युरापासून शंभरेक किलोमीटरवर मंगो नावाचं कोरडं पडलेलं सरोवर आहे. तिथे 1968 साली जिम बोलर या भूगर्भशास्त्रज्ञाला एका स्त्रीच्या दहनाचे अवशेष सापडले. पुढे तिथेच एका पुरुषाचा सांगाडाही सापडला. दोन्ही साधारण 42,000 वर्षांपूर्वीचे. लाटजी लाटजी, बार्किंजी आणि शेजारच्या इतर जमातींची ही भूमी. नदीच्या काठाने फिरताना जुन्या रेड गम झाडांच्या बुंध्यावर लांबट, होडीच्या आकाराचे व्रण दिसतात. तेवढी साल एकसंध सोलून तिची होडी करायची आणि झाड मात्र जिवंत ठेवायचं, अशी त्या लोकांची रीत होती. एका झाडाच्या व्रणाच्या कडांवरून मी हात फिरवून पाहिला. साल पुन्हा भरत आली होती, ओठासारखी आत वळलेली.

जानेवारी 1830 मध्ये चार्ल्स स्टर्ट हा इंग्रज लष्करी अधिकारी होडीतून मरेच्या प्रवाहाबरोबर खाली आला. डार्लिंग नदी मरेला मिळते त्या संगमावर, आजच्या वेंटवर्थजवळ, शेकडो लोक भाले घेऊन काठावर उभे होते. त्यांच्यातलाच एक माणूस मध्ये पडला आणि त्याने आपल्या लोकांना आवरलं म्हणून स्टर्ट जिवंत पुढे गेला. अकराच वर्षांनी, ऑगस्ट 1841 मध्ये, संगमाच्या पश्चिमेला रुफस नदीवर मेंढ्यांचे कळप हाकत निघालेले गोरे आणि पोलीस यांनी गोळीबार करून तिथल्या तीसहून जास्त लोकांना मारलं. त्यानंतरच हा काठ मेंढपाळांना मोकळा झाला. 1847 च्या सुमारास जेमिसन बंधूंनी मिल्ड्युराचा मेंढीवाडा थाटला. 1853 मध्ये पहिल्या आगबोटी नदीतून वर गेल्या आणि लोकरीचे गठ्ठे पाण्यावरून जायला लागले. शहराचा इतिहास सांगणारे बहुतेक जण ही पानं भराभर उलटतात. माझ्या मते इथे थांबायला हवं, कारण पुढे जी जमीन ‘रिकामी’ म्हणून एकरी वाटली गेली, ती रिकामी कशी झाली हे त्याशिवाय कळत नाही.

पाण्याची गोष्ट इथून पुढे.

1877 पासून सात-आठ वर्षं व्हिक्टोरियात दुष्काळ होता. सरकारने पाण्याचा अभ्यास करायला आयोग नेमला आणि त्याचा प्रमुख होता आल्फ्रेड डीकिन, तिशीही न गाठलेला मंत्री. हा पुढे देशाचा दुसरा पंतप्रधान झाला. 1885 मध्ये तो अमेरिकेत गेला आणि कॅलिफोर्नियात त्याला जॉर्ज आणि विल्यम बेंजामिन चॅफी हे भाऊ भेटले. दोघे मूळचे कॅनडाचे. त्यांनी तिथे ओंटारिओ आणि एटिवांडा ही दोन गावं ओसाड माळावर उभी केली होती. जमिनीचे लहान तुकडे पाडून विकायचे आणि पाण्याची कंपनी अशी काढायची की एकरामागे एक भाग जमिनीबरोबरच घेणाऱ्याच्या नावावर जाईल. जमीन विकली तर पाणीही तिच्याबरोबर जाणार. नुसतं पाणी धरून बसलेला सावकार त्या गावात तयारच होऊ नये, अशी ती रचना होती.

जॉर्ज 1886 मध्ये ऑस्ट्रेलियात आला, मिल्ड्युराच्या मेंढीवाड्याची जागा बघून गेला आणि भावाला तार केली. विधिमंडळात बराच गोंधळ झाला. परक्यांना एवढी जमीन का, असा विरोधकांचा सवाल होता. तेवढ्यात शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाने रेनमार्कला तशीच जमीन देऊ केली आणि करारही करून टाकला. मग व्हिक्टोरिया सरकारने घाई केली. 31 मे 1887 रोजी करार झाला. टप्प्याटप्प्याने 2,50,000 एकर जमीन, आणि बदल्यात चॅफी बंधूंनी वीस वर्षांत 3,00,000 पौंड खर्चून तिथे पाणी, शेती, शाळा उभं करायचं.

जाहिरातीसाठी त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं. लाल बांधणीमुळे त्याला ‘रेड बुक’ म्हणत. ते इंग्लंडभर वाटलं. पेन्शनीतले अधिकारी, धाकटे मुलगे, शेती कधी न केलेले कारकून हे पुस्तक वाचून निघाले आणि दहा-दहा एकरांचे ब्लॉक घेऊन बसले. अजूनही तिथल्या जुन्या द्राक्षवाल्या कुटुंबांना ‘ब्लॉकी’च म्हणतात. शहराची आखणी अमेरिकन धाटणीची. डीकिनच्या नावाचा दुपदरी, मधोमध झाडांची पट्टी असलेला रस्ता नदीपासून निघतो तो मैलोन्‌मैल सरळ जातो. त्याला काटकोनात जाणाऱ्या रस्त्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. समांतर रस्त्यांची नावं ओंटारिओ, एटिवांडा, सॅन मटेओ. तिथे राहणाऱ्यांना ही नावं कुठून आली हे ठाऊक असेलच असं नाही. गावात दारूचा परवाना द्यायचा नाही असाही चॅफींचा हट्ट होता. त्यांनी हॉटेलाऐवजी ‘कॉफी पॅलेस’ बांधला. पुढे त्याच वास्तूत दारूचा परवाना असलेलं ग्रँड हॉटेल झालं आणि कामगारांच्या क्लबात 91 मीटर लांबीचा बार काउंटर उभा राहिला, जगातला सगळ्यात लांब म्हणून गाजलेला.

आता पंप. आमच्याकडे म्हैसाळ, ताकारी, टेंभू म्हटलं की कुणालाही विचारायला नको. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून वर आणायचं, कारण नदी खाली आणि रान वर. मिल्ड्युराचंही तेच. मरे नदी खोल दरडीत वाहते, तिच्या पाण्याला आपणहून रानात यायला वाट नाही. जॉर्ज चॅफी शिकलेला नव्हे, घडलेला इंजिनिअर होता. त्याने सायकी बेंड या वळणावर उपसा केंद्र आखलं. वाफेच्या एका मोठ्या इंजिनाच्या दांड्यावर सेंट्रिफ्यूगल पंपांची रांग. नदीतलं पाणी उचलून किंग्ज बिलबाँग नावाच्या जुन्या तुटलेल्या पात्रात सोडायचं, तेच साठवण तळं, आणि तिथून पुढच्या पंपांनी आणखी वरच्या कालव्यांत चढवायचं. बर्मिंगहॅमच्या टँगी कंपनीला हा आराखडा चालेल असं वाटेना. ‘हमी आमची नाही, जबाबदारी तुमची’ या बोलीवर त्यांनी यंत्र बनवून दिलं. 1891 मध्ये ते सुरू झालं आणि 1959 पर्यंत चाललं. मग विजेचे पंप आले.

ते इंजिन जागेवरच आहे. निवृत्त माणसांच्या एका गटाने ते पुन्हा चालतं केलंय, आणि ठराविक दिवशी वाफ भरून लोकांना दाखवतात. मी गेले त्या दिवशी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ हातात तेलाचं डबडं घेऊन एकेका सांध्यापाशी थांबत होते. थेंब सोडायचा, चिंधीने पुसायचं, कान देऊन ऐकायचं, पुढे सरकायचं. आधी दांडा इतका सावकाश हलला की हललाय की नाही कळेना. मग जमिनीतून तळपायाला धक्के जाणवायला लागले, शेडच्या पत्र्यात ताल भरला, आणि मागच्या चरात पाणी एकदम फुगून वर आलं. त्या गृहस्थांनी लेकीला विचारलं, आई काय करते? ती म्हणाली, द्राक्षं, बेदाणा. त्यांनी हातातली चिंधी ठेवली. ‘किती किलोला किलो?’ मी बोटांनी दाखवलं, चाराला एक. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या वडिलांचा ब्लॉक होता, त्यांचंही तेच गणित. मग भाषांतराची फारशी गरज उरली नाही. फेब्रुवारीतला पाऊस, भुरी, रात्री उठून पडदे सोडणं, सगळं त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं आणि सगळं मला कळलं. आपला हंगाम आणि त्यांचा हंगाम एकाच महिन्यांत येतो, हेही तेव्हाच लक्षात आलं. त्यांचा उन्हाळा संपता संपता द्राक्ष पिकतं, आपलं थंडी संपता संपता. फरक एवढाच की त्यांची वेल हिवाळ्यात झोपते आणि एका छाटणीत भागतं. आपल्याला एप्रिलची खरड छाटणी वेगळी आणि ऑक्टोबरची फळछाटणी वेगळी.

यंत्र चाललं, तरी वसाहत कोसळली. रेताड मातीतले कच्चे कालवे पाणी पिऊन टाकत. याबी नावाचे नांग्यांचे गोड्या पाण्यातले झिंगे काठाला बिळं पाडत आणि रातोरात भगदाड पडे. शेताच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचेना. रेल्वे नव्हती. माल आगबोटीने जायचा, आणि नेमका फळं तयार व्हायच्या वेळी उन्हाळ्यात नदी इतकी उतरायची की बोट यायची नाही. फळं धक्क्यावर सडली. 1893 मध्ये मेलबर्नच्या बँका बुडाल्या, कर्ज मिळेना. ब्लॉकी पाणीपट्टी भरेनात, चॅफींकडे पंपाला सरपण घ्यायलाही पैसे उरेनात. डिसेंबर 1895 मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. पुढच्या वर्षी चौकशी आयोग बसला आणि ठपका भावांवर आला. जॉर्ज 1897 मध्ये अमेरिकेला परतला. तिथे त्याने कोलोरॅडो नदीचं पाणी वाळवंटात नेलं आणि इम्पीरियल व्हॅली वसवली. विल्यम मात्र राहिला.

या सगळ्या इतिहासात मला आदर वाटतो तो राहिलेल्या माणसांचा. कंपनी बुडाली त्याच वर्षी ब्लॉकींनी निवडून दिलेल्या पंचांचा ‘फर्स्ट मिल्ड्युरा इरिगेशन ट्रस्ट’ पंप आणि कालवे सांभाळायला पुढे आला. पाणीपट्टी ठरवणारे आणि ती भरणारे एकच. त्याच वर्षी बेदाणा एकत्र विकायची पहिली संस्था निघाली, कारण प्रत्येक जण आपापला माल घेऊन मेलबर्नच्या व्यापाऱ्याच्या दारात उभा राहिला की भाव पाडायला व्यापाऱ्याला काहीच करावं लागत नसे. तासगावच्या सौद्यात ज्याने एकदाही डोळ्यांसमोर भाव घसरताना पाहिलाय, त्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. 1903 मध्ये रेल्वे आली. 1907 मध्ये मिल्ड्युरा आणि रेनमार्कच्या उत्पादकांनी मिळून सुकामेव्याची संघटना स्थापली: भाव एकत्र ठरवायचा, आणि परदेशी स्वस्तात विकाव्या लागणाऱ्या मालाचा तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. तिचा म्होरक्या विल्यम चॅफीच. ज्याच्या कंपनीमुळे कित्येक घरं बुडाली, त्यालाच लोकांनी पुढारी केलं, 1920 मध्ये गावचा पहिला महापौर केलं, आणि 1926 मध्ये तो वारल्यावर डीकिनच्या रस्त्यावर त्याचा पुतळा उभारला. त्याने पळ काढला नाही, एवढीच त्याची पुण्याई. माझ्या हिशेबी ती पुरेशी आहे.

विक्रीच्या बाबतीत सी. जे. डी गॅरिस या तरुणाने धमाल उडवली. पहिल्या महायुद्धानंतर त्याने बेदाण्याच्या अशा जाहिराती केल्या की फ्लूच्या साथीतही ‘आमचं फळ खा’ म्हणून पोरांच्या तोंडी ओळी बसल्या. त्याच्या मालाच्या छापावरून साऱ्या परिसराला सनरेझिया हे नाव पडलं. 1920 मध्ये त्याने सुरू केलेलं वर्तमानपत्र अजून निघतं. तो स्वतः मात्र कर्जात रुतला आणि 1926 मध्ये त्याने जीव दिला.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांना जमीन देण्यासाठी शेजारीच रेड क्लिफ्सची वसाहत काढली. सातशेच्या आसपास सैनिकांना पंधरा-पंधरा एकर. मॅलीची खोडं उपटायला ‘बिग लिझी’ नावाचं 45 टनांचं अजस्र यंत्र लावलं. ते मेलबर्नहून दुसऱ्याच गावी निघालं होतं, मरे नदी ओलांडता आली नाही म्हणून इकडेच राहिलं. आज ते रेड क्लिफ्सच्या चौकात उभं आहे. नदीलाही शिस्त लावली गेली. 1915 च्या करारानुसार तीन राज्यं आणि केंद्र यांनी मिळून मरेवर बंधारे आणि बोटींसाठी दरवाजे बांधले. मिल्ड्युराचा 1927 सालचा. याची गंमत अशी की बंधाऱ्याच्या पोलादी चौकटी रुळांवर आहेत. महापूर येणार असं दिसलं की त्या एकेक करून काठावर ओढून घेतात आणि नदीला मोकळं सोडतात. 1956 मध्ये मरे आणि डार्लिंग दोन्ही नद्या एकदम फुगल्या तेव्हा वेंटवर्थ गाव वाचलं ते शेतकऱ्यांनी आपापले राखाडी फर्ग्युसन ट्रॅक्टर आणून रात्रंदिवस मातीचे बांध घातले म्हणून. त्या ट्रॅक्टरचं स्मारक वेंटवर्थला आहे, आणि स्मारकं पाहून मन भरून यायचा माझा स्वभाव नसला तरी तिथे आलं.

डीकिनबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. मिल्ड्युराचा करार झाल्यानंतर, 1890-91 च्या हिवाळ्यात, तो आपल्या देशात आला होता. मेलबर्नच्या एका वर्तमानपत्रासाठी त्याने इथले कालवे आणि धरणं पाहिली आणि ‘इरिगेटेड इंडिया’ हे पुस्तक 1893 मध्ये प्रसिद्ध केलं. आणि त्याच डीकिनने 1901 मध्ये ॲटर्नी जनरल म्हणून, गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देणाऱ्या कायद्याची संसदेत हिरिरीने बाजू मांडली. आमच्या पाटबंधाऱ्यांकडून शिकायला हरकत नव्हती, आम्ही मात्र तिथे नको होतो. ते धोरण 1970 च्या दशकात संपलं. इटालियन, ग्रीक, तुर्की कुटुंबं त्याआधीच द्राक्षांत आली होती. आता तिथल्या दवाखान्यात, शाळेत, पॅकिंगच्या शेडात भारतीय माणसं भेटतात. माझी लेक त्यांतलीच.

सायकी बेंडचं इंजिन पाहून बाहेर पडलं की पलीकडे एक खोलगट तळं आहे. त्यात राखाडी, साल गळालेली, मेलेली झाडं उभी आहेत आणि काठाला पांढरी खार चढलेली आहे. मी बराच वेळ तिथेच थांबले, कारण हे दृश्य आम्हाला नवं नाही. लाखो वर्षांपूर्वी हा सगळा प्रदेश समुद्राखाली होता. जमिनीखालचं पाणी अजून खारं आहे. वरून मोकाट पाणी दिलं की ते खाली मुरतं, खालची खारट पातळी वर चढते, मुळांना भिडते, आणि जास्तीचं पाणी पाझरत नदीत जाऊन नदीलाही खारं करतं. वसाहत सुरू होऊन वीस वर्षं होतात न होतात तोच ब्लॉकींना हे कळून चुकलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्यांनी वेलींखाली भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या आणि निचऱ्याचं पाणी बाहेर काढलं. पुढे नदीकाठी विहिरी पाडून खारं पाणी नदीत पोचायच्या आधीच उपसून दूरच्या खाजणांत सोडायची व्यवस्था झाली. ती आजही चोवीस तास चालू आहे. गोड पाणी उचलायला पंप आणि खारं पाणी उचलायलाही पंप.

आणि मग 1997 ते 2009 चा दुष्काळ आला. नेमक्या त्याच काळात, 2007 मध्ये, व्हिक्टोरिया सरकारने पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा केला. पाणी स्वतंत्रपणे विकता-घेता येऊ लागलं, मग तुमची जमीन असो नसो. पाण्याचे भाव आभाळाला भिडले. कित्येक लहान ब्लॉकींनी पाणी विकलं, वेली उपटल्या, घर ठेवलं आणि रान मोकळं सोडलं. मोठ्या कंपन्यांनी बदामाचे मळे लावले. 2008 मध्ये ब्लॉकींचा तो जुना ट्रस्टही सरकारी पाणी महामंडळात विलीन झाला. अर्थतज्ज्ञ सांगतात, पाणी जास्त किमतीच्या पिकाकडे गेलं, हे चांगलंच झालं. असेल. मी त्या मोकळ्या ब्लॉकांच्या कडेने चालले आहे. लोखंडी अँगल उभे आहेत, तारा लोंबताहेत, वेल नाही. एटिवांडाच्या धर्तीवर पाणी जमिनीला बांधून ठेवायचा विचार घेऊन ज्यांनी हे शहर काढलं, त्यांची एकच गोष्ट टिकवण्यासारखी होती आणि तीच सोडली गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

जे ब्लॉकी टिकले त्यांनी मात्र बेदाणा सोडला नाही. आता बरेच जण घड तोडतच नाहीत. घड असलेल्या काड्याच मुळापासच्या बाजूने कापतात, वेलीवर लटकत्या घडांवर तेच कार्बोनेट-तेलाचं द्रावण फवारतात, बेदाणा तारेवरच वाळतो आणि यंत्र येऊन तो झाडून नेतं. मजूर मिळत नाहीत म्हणून आमच्याकडेही शेडं ओस पडायची वेळ येते आहे, तेव्हा हा प्रकार आपल्या द्राक्ष संघाने नीट पाहून यावा. आपल्याकडे मार्च-एप्रिलमधला वळीव आडवा येतो, हे खरं. पण पाऊस त्यांनाही चुकलेला नाही.

आणि आमच्या तालुक्यातल्या बागायतदारांना एक विनंती. वाळवा, मिरज, शिरोळच्या क्षारपड रानांत आज काय स्थिती आहे ते आपण जाता-येता पाहतो. टेंभू-म्हैसाळचं पाणी आपल्या माळावर येऊन फार वर्षं झालेली नाहीत, अजून वेळ आहे. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांच्या निचऱ्याची माहिती मिळते. पाणी वापर संस्थेच्या पुढच्या सभेत पाळीपत्रकाच्या आधी निचऱ्याचा विषय घ्या.